बेंगेलचीं पांच अक्षरें : शास्त्रपाठ आणि विनय

हस्तलिखित पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस पोथीच्या अखेरीस येणारा एक श्लोक चांगला परिचयाचा असतो. जशी प्रत पाहिली तशी उतरली, ती शुद्ध असो वा अशुद्ध असो, दोष मजकडे देऊं नये, असा त्याचा आशय आहे. हा नकलकाराचा विनय होय. त्याची किंमत कमी लेखण्याचें कारण नाहीं; कारण ज्यानें आपल्या बुद्धीनें पोथी 'सुधारली' नाहीं, त्यानेंच ती खरोखर आपणांपर्यंत पोंचविली. परंतु नकलकाराचा धर्म व संशोधकाचा धर्म हे भिन्न आहेत. नकलकारापुढें एकच प्रत असते. संशोधकापुढें दहा असतात आणि त्या एकमेकींशीं भांडत असतात. तेथें 'जसें पाहिलें तसें लिहिलें' असें म्हणून सुटतां येत नाहीं. निवड करावीच लागते. आणि ज्या ग्रंथाचे पाठ निवडावयाचे तो निवडणाऱ्याचाच धर्मग्रंथ असेल, त्यांतील वचनें ईश्वरप्रेरित आहेत अशी त्याची निष्ठा असेल, तर त्यानें आपलें अज्ञान कोठें व कसें दाखवावें हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहत नाहीं. तो श्रद्धेचा होतो.

ह्या प्रश्नाचें एक उत्तर इ. स. १७३४ त जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें छापलेल्या ग्रीक नव्या कराराच्या आवृत्तींत सांपडतें. तिचा संपादक योहान आल्ब्रेख्त बेंगेल (१६८७-१७५२). ह्या आवृत्तीचें गुणदोषविवेचन करणें व तीवरून जुन्या ग्रंथांचें संपादन करणाऱ्या कोणासही घेण्याजोगा बोध कोणता तें पाहणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, विनय हा केवळ मनाचा भाव म्हणून शास्त्रार्थांत फारसा उपयोगी पडत नाहीं. तो पानावर चिन्हाच्या रूपानें उतरावा लागतो. बेंगेलनें जेथें असें चिन्ह ठेविलें तेथें त्याचें काम टिकलें. जेथें ठेविलें नाहीं तेथें तोच श्रद्धाळु, तोच सत्यनिष्ठ पुरुष पुरता फसला.

(१) बेंगेलपूर्वींची स्थिति

ग्रीक नवा करार छापून प्रथम प्रसिद्ध झाला तो एरॅस्मसच्या हातून, बाझेल येथें, इ. स. १५१६ त. काम घाईचें होतें व हाताशीं असलेल्या प्रती थोड्या होत्या. प्रकटीकरणाच्या पुस्तकासाठीं तर त्याजपाशीं एकच पोथी होती आणि तिचें शेवटचें पान गळालेलें होतें. शेवटचीं सहा वचनें ग्रीकमध्यें नाहींत असें पाहून एरॅस्मसनें तीं लॅटिन भाषांतरावरून उलट ग्रीकमध्यें करून घातलीं. आपण असें केलें हें त्यानें टिपांत नमूद केलें, हें त्याच्या प्रामाणिकपणास शोभतें. परंतु टीप मागें राहिली आणि मजकूर पुढें गेला. त्या सहा वचनांपैकीं एकांत ग्रीक प्रतींमध्यें 'जीवनाचें झाड' आहे. लॅटिनमधील 'जीवनाचें पुस्तक' त्याच्या जागीं आलें आणि पुढें सुमारें तीन शतकें तेंच छापलें गेलें. इ. स. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांतही तेंच आहे. संग्राहकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ज्या वचनांत हा पालट झाला, तींच वचनें ह्या ग्रंथांत कोणी कांहीं भर घालूं नये व कांहीं वगळूं नये अशी ताकीद देणारीं आहेत. आपणांकडे नाथांनीं शके १५०६ त ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हां तींत स्वतःची ओवी घालणाऱ्यास अमृताच्या ताटांत नरोटी ठेवणारा म्हटलें. तरीही पुढच्या प्रतींतील पाठभेद थांबले नाहींत. ताकिदीनें पोथी सुरक्षित राहत नाहीं.

पुढें इ. स. १६३३ त लायडनच्या एल्झेव्हिर नांवाच्या मुद्रकांनीं आपल्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत, हा सर्वांनीं स्वीकारलेला पाठ असून ह्यांत बदललेलें वा बिघडलेलें कांहीं नाहीं, अशा अर्थाचें विधान केलें. पुस्तक खपविणाऱ्यानें आपल्या मालाची केलेली ही स्तुति होती. पण तीवरूनच 'स्वीकृत पाठ' हें नांव रूढ झालें, आणि लवकरच त्या छापील पाठास असें पावित्र्य आलें कीं त्यांतील अक्षर हालविणें म्हणजे धर्मावर हात टाकणें असें लोक समजूं लागले. ज्या निश्चितीचा उगम कोणत्याही धर्मसभेंत नसून छापखान्यांत होता, तिच्यासाठीं भाविक लोक भांडूं लागले.

ही निश्चिति इ. स. १७०७ त हादरली. ऑक्सफर्डच्या जॉन मिलनें सुमारें तीस वर्षें खपून तयार केलेली आवृत्ति त्या सालीं बाहेर पडली. तींत छापील पाठ जुनाच ठेवून खालीं सुमारें ३०,००० पाठभेद दिले होते. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर कांहीं दिवसांतच मिल निवर्तला. डॅनियल व्हिट्बी ह्या धर्मोपदेशकास वाटलें कीं ह्या संख्येनें शास्त्राचा पायाच खचला. आणि अँथनी कॉलिन्स ह्या स्वतंत्र विचाराच्या लेखकानें इ. स. १७१३ त तीच भीति उचलून शास्त्राविरुद्ध वापरली. दोघांचें गृहीत एकच होतें: पाठभेद आहेत, म्हणजे ग्रंथ संशयित. ह्यास रिचर्ड बेंट्लीनें त्याच सालीं जें उत्तर दिलें तें पोथ्या हाताळणाऱ्या कोणासही पटेल. ज्या ग्रंथाची एकच प्रत उरली आहे त्यांत पाठभेद मुळींच नसतात. पण त्यांतील चुकाही कधीं दुरुस्त होत नाहींत. पाठभेद वाढतात ते साक्षीदार वाढल्यामुळें. आणि साक्षीदार जितके अधिक तितकी मूळ गोष्ट हातीं लागण्याची आशा अधिक.

(२) बेंगेल व त्याची आवृत्ति

ह्या वादळाची झळ विद्यार्थिदशेंतच बेंगेलला लागली. तो व्युर्टेम्बर्ग प्रांतांतला, भक्तिमार्गी पंथांत वाढलेला, लहानपणींच पितृछत्र हरपलेला. पाठभेदांच्या बातमीनें त्याचें मन अस्वस्थ झालें. अशा वेळीं दोन सोपे मार्ग असतात. एक, डोळे मिटून छापील पाठच खरा म्हणणें. दुसरा, श्रद्धा सोडणें. बेंगेलनें तिसरा धरला: प्रती गोळा करून मोजदाद करण्यास बसणें. इ. स. १७१३ पासून १७४१ पर्यंत अठ्ठावीस वर्षें तो डेंकेंडोर्फ येथील मठशाळेंत मुलांस ग्रीक व लॅटिन शिकवीत होता. हें सर्व काम त्यानें शिकवितां शिकवितां केलें, ही गोष्ट अध्यापकवर्गास विशेष अभिमानाची वाटावी.

त्याच्या आवृत्तींतील मुख्य नवलाई समासांत आहे. निवडक पाठभेद समासांत देऊन प्रत्येकापुढें त्यानें ग्रीक वर्णमालेंतील पहिल्या पांच अक्षरांपैकीं एक अक्षर ठेविलें. आल्फा म्हणजे हा पाठ निःसंशय मूळचा. बीटा म्हणजे निःसंशय नव्हे, पण छापील पाठाहून बरा. गॅमा म्हणजे दोन्ही सारख्याच तोलाचे. डेल्टा म्हणजे छापील पाठाहून कमी प्रतीचा. एप्सिलॉन म्हणजे अगदीं हलका, टाकाऊ.

वरकरणीं ही एक साधी सोय दिसते. वस्तुतः तींत मोठा विचार आहे. बेंगेलपूर्वीं पाठ एकतर खरा असे किंवा खोटा असे. 'बहुधा', 'कदाचित्', 'सांगवत नाहीं' ह्या ज्ञानाच्या मधल्या पायऱ्यांस छापील पानावर जागाच नव्हती. त्या संपादकाच्या मनांत राहत व त्याच्याबरोबर जात. पांचांपैकीं गॅमा हें अक्षर आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. आल्फा व एप्सिलॉन लावण्यास विद्वत्ता पुरते. पण सर्व प्रती पाहून, सर्व युक्तिवाद तोलून झाल्यावर 'येथें माझ्यानें निर्णय होत नाहीं' असें ईश्वराच्या ग्रंथाच्या पानावर, आपल्या नांवानें, स्पष्ट लिहिणें ह्यास विद्वत्तेहून निराळें कांहीं लागतें. पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत मनुष्याचें ज्ञान ह्या लोकीं अपुरें व धूसर आहे असें सांगितलें आहे. त्या उपदेशावर प्रवचनें पुष्कळ झालीं. बेंगेलनें तो समासांत आचरून दाखविला.

पाठ तोलण्याचे त्याचे नियमही ह्याच वृत्तींतून आलेले आहेत. प्रती मोजावयाच्या नाहींत, तोलावयाच्या. एकाच मूळ प्रतीच्या शंभर नकला म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. म्हणून त्यानें प्रतींचीं कुळें पाडलीं, एक आशियाई व एक आफ्रिकी. दुसरा नियम त्यानें चार लॅटिन शब्दांत बसविला. त्याचें तात्पर्य असें कीं, सोप्या पाठापेक्षां अवघड पाठ श्रेष्ठ समजावा, कारण नकलकार अवघडाचें सोपें करितो, सोप्याचें अवघड सहसा करीत नाहीं. ह्या नियमांत विनयाचें एक सूक्ष्म अंग आहे. आपणांस जें सहज पटतें, तें मूळचें असेलच असें नाहीं. उलट तें आपल्यासारख्याच कोणा वाचकानें आपल्या सोयीसाठीं घातलेलें असण्याचा संभव अधिक. म्हणजे स्वतःच्या समाधानाविरुद्ध पुरावा धरण्याची ही शिस्त आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या आवृत्तींत डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनीं हाच नियम आपल्या परंपरेस लावला. इ. स. १९३३ त पूर्ण झालेल्या आदिपर्वांत त्यांनीं जो भाग पूर्ण निश्चित नाहीं त्याखालीं नागमोडी रेघ ओढली, हें वाचकांस ठाऊक आहेच. तत्पूर्वीं सतराव्या शतकांत मूळच्या कोपरगांवच्या नीलकंठ चतुर्धरांनीं देशोदेशींच्या प्रती मिळवून उत्तम पाठ निवडले. पण त्यांच्या निवडींत खात्रीचा पाठ कोणता व तर्काचा कोणता, हें दाखविणारी अशी रेघ नाहीं. नीलकंठांची विद्वत्ता कमी होती असें कोणी म्हणणार नाहीं. कमी होतें तें चिन्ह.

आतां दोष. बेंगेलनें स्वतःस एक बंधन घालून घेतलें होतें: जो पाठ पूर्वींच्या एखाद्या छापील आवृत्तींत आलेला नाहीं तो मजकुरांत घ्यावयाचा नाहीं, मग तो कितीही चांगला असो. प्रकटीकरणाचें पुस्तक मात्र त्यानें ह्यांतून वगळलें. ह्याचा परिणाम असा झाला कीं, ज्या पाठास तो स्वतः आल्फा देतो, म्हणजे निःसंशय मूळचा म्हणतो, तो पुष्कळ ठिकाणीं समासांत उभा आहे आणि ज्यास तो मूळचा मानीत नाहीं तो मजकुरांत बसला आहे. कित्येक ह्यास विनय म्हणतात. आमच्या मतें येथें विनय व भीड ह्यांची सरमिसळ झाली आहे. न कळलेल्याविषयीं गप्प राहणें हा विनय. कळलेलें समासांत लपविणें ही भीड. ही भीड सोडून स्वीकृत पाठ बाजूस ठेवण्याचें काम पुढें इ. स. १८३१ त कार्ल लाखमाननें केलें. तथापि बेंगेलच्या काळीं एवढ्यावरही त्याजवर चोहोंकडून टीका झाली व त्यास उत्तरें लिहीत बसावें लागलें, हें ध्यानांत घेऊन हा दोष फार ताणूं नये.

(३) तराजू जेथें झुकला

ह्याहून मोठा दोष एका विशिष्ट स्थळीं दिसतो. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत स्वर्गांत साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द व पवित्र आत्मा, आणि ते तिघे एक, असा जो मजकूर स्वीकृत पाठांत आहे तो त्रैक्याच्या सिद्धांतास इतका अनुकूल आहे कीं त्याहून स्पष्ट वचन नव्या करारांत दुसरें नाहीं. परंतु तो जुन्या ग्रीक प्रतींत मिळत नाहीं. त्याचा प्रसार लॅटिन परंपरेंतून झाला. एरॅस्मसच्या १५१६ व १५१९ च्या आवृत्तींत तो नव्हता, गहजब झाला, आणि पुढें एक ग्रीक प्रत, जी आतां डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत आहे, पुढें करण्यांत आली. ही प्रत सोळाव्या शतकाच्या आरंभाची, म्हणजे वादाच्या वेळीं जवळजवळ नवीच होती. १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तींत एरॅस्मसनें तो मजकूर घातला. एक प्रत दाखवा म्हणजे घालतों असें त्यानें वचन दिलें होतें, ही कथा अनेक ग्रंथांत आढळते. पण तिला त्याच्या लेखनांत आधार नाहीं हें लायडनच्या डे योंगे ह्या विद्वानानें इ. स. १९८० त दाखविलें. चांगली कथा व चांगला पाठ ह्या दोहोंचीही मुळें तपासावीं लागतात.

बेंगेल ह्या स्थळीं काय करितो? ग्रीक प्रतींचा पाठिंबा नाहीं हें तो स्वच्छ कबूल करितो. आपल्याच नियमांप्रमाणें त्यानें येथें शेवटचें अक्षर लावावयास पाहिजे होतें. पण तो वचनाची बाजू घेतो. लॅटिन ग्रंथकारांच्या साक्षीवर भार देतो. आणि शेवटीं अशी आशा व्यक्त करितो कीं, हा मजकूर असलेल्या अतिप्राचीन ग्रीक प्रती ईश्वरी योजनेच्या एखाद्या गुप्त कप्प्यांत अजून पडून असतील व योग्य वेळीं बाहेर येतील. पुराव्याची वाट पाहणें हा संशोधकाचा धर्म खरा. परंतु आपणांस हवा तोच पुरावा येईल असें धरून आजच निकाल देणें हा नव्हे.

त्याच्या आशेचा अर्धा भाग खरा ठरला. इ. स. १८४४ त सिनाय पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या संत कॅथरीनच्या मठांत टिशेंडोर्फ ह्यास एका प्राचीन ग्रीक पोथीचीं ४३ पानें मिळालीं व १८५९ त त्याच पोथीचा मोठा भाग, संपूर्ण नव्या करारासह, त्याच्या दृष्टीस पडला. पोथी चौथ्या शतकांतली. तिचा बहुतेक भाग इ. स. १९३३ पासून लंडनमध्यें आहे. अतिप्राचीन प्रत गुप्त कप्प्यांतून खरोखरच बाहेर आली. पण तो मजकूर तींत नाहीं. तितक्याच जुन्या व्हॅटिकनच्या प्रतींतही नाहीं.

(४) सन १८३६

पाठाच्या बाबतींत बेंगेलची ही एक ठेंच सोडली तर त्याचा तोल बहुधा सुटत नाहीं. अर्थाच्या बाबतींत मात्र प्रकार निराळा आहे. इ. स. १७४० त त्यानें प्रकटीकरणाच्या पुस्तकावर विवरण प्रसिद्ध केलें. तेराव्या अध्यायांतील श्वापदाची संख्या ६६६ ही वर्षांची संख्या समजून, व तेथेंच सांगितलेले ४२ महिने तेवढ्याच काळाचे धरून, त्यानें भविष्यवाणीच्या एका महिन्याची लांबी सोळा वर्षांहून थोडी कमी अशी काढली. त्या मापानें पुढचें सर्व पुस्तक मोजून श्वापदाचा अंत व सहस्रवर्षीय राज्याचा आरंभ सन १८३६ त होईल असें गणित मांडलें.

ह्या गणिताचा आधारस्तंभ जी ६६६ ही संख्या, तिलाच पाठभेद आहे. कांहीं प्रतींत ६१६ असल्याचें दुसऱ्या शतकांत इरिनेयसानें नमूद करून तो पाठ नाकारला आहे. पांचव्या शतकांतील एका प्रसिद्ध प्रतींत ६१६ आहे. आणि मिसर देशांत ऑक्सिर्‍हिंकस येथें सांपडलेल्या, इ. स. १९९९ त प्रसिद्ध झालेल्या एका पपायरसाच्या तुकड्यावरही ६१६ च आहे. बहुतेक संपादक आजही ६६६ च पसंत करितात व आमच्या मतेंही तें योग्य आहे. प्रश्न तो नाहीं. प्रश्न असा कीं, ज्या संख्येच्या पाठापुढें तोलाचें अक्षर लावण्याची शिस्त बेंगेलनेंच घालून दिली, त्या संख्येचा अर्थ वर्षें, त्या वर्षांचे महिने, त्या महिन्यांचें हें साल, ह्या तीन पायऱ्यांपैकीं एकीपुढेंही तसें अक्षर नाहीं. प्रत्येक पायरी फार तर गॅमा होती. तिन्ही आल्फा म्हणून चढल्या गेल्या.

ह्याचें फळ कागदावरच राहिलें असतें तर गोष्ट निराळी. पण बेंगेलच्या नांवाचें वजन व्युर्टेम्बर्गमध्यें मोठें होतें. इ. स. १८१६ चा दुष्काळ, करांचा बोजा, उपासनापद्धतींतील बदल, ह्यांबरोबर जवळ आलेल्या अखेरच्या काळाची अपेक्षा हेंही कारण होऊन १८१७ च्या सुमारास तेथील पुष्कळ भाविक कुटुंबें घरदार विकून रशियाच्या दक्षिणेकडे व कॉकेशस प्रांताकडे निघालीं. डॅन्यूब नदीच्या वाटेवर रोगराईनें त्यांच्यांतले कित्येक मेले. ह्या सर्वांचा दोष एका विवरणकारावर टाकणें अन्यायाचें होईल. त्यांत पुढच्या अनुयायांचा व स्वतंत्र गणितें करणाऱ्यांचा हात आहे. तरी अर्थाच्या समासांत अक्षर न ठेवण्याची किंमत कोण देतो, हें ह्यावरून दिसतें. ती संपादक देत नाहीं. त्याच्यावर विसंबणारा देतो.

न्यायासाठीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सन १८३६ कांहीं लक्षणीय बदल न होतां निघून गेलें तर माझ्या पद्धतींत एखादी मुख्य चूक आहे असें समजावें व ती कोठें आहे ह्याचा शोध करावा, अशा अर्थाचें बेंगेलनें स्वतःच लिहून ठेविलें होतें. भविष्य सांगणाऱ्यांत असा मनुष्य विरळा. त्यानें आपल्या गणितास अक्षर लाविलें नाहीं. पण तें कोणत्या पुराव्यानें मोडेल हें मात्र आधींच सांगून ठेविलें. समासांतला विनय येथें उशिरानें, एका वाक्यापुरता, परत आलेला दिसतो.

(५) अर्थाचा समास

पाठाविषयीं संशय ठेवतां येतो, पण अर्थाविषयीं ठेविल्यास श्रद्धाच उरत नाहीं, असें कोणी म्हणेल. ख्रिस्ती परंपरेचा इतिहास ह्यास अनुकूल नाहीं. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनाच्या बाराव्या खंडांत ऑगस्टिन सृष्ट्युत्पत्तीच्या पहिल्या वचनाचे अनेक अर्थ मांडतो व मोशेच्या मनांत ह्यांपैकीं नेमका कोणता होता हें आपणांस ठामपणें सांगतां येत नाहीं असें मानतो. मोशेला माझाच अर्थ अभिप्रेत होता असा हट्ट धरणारे तो अर्थ खरा म्हणून नव्हे तर स्वतःचा म्हणून त्यावर प्रेम करितात, असा त्याचा आक्षेप आहे. सत्य ही सर्वांची ठेव. तिला 'माझें' म्हणणारा तिला मुकतो. पुढें डोनाटसपंथीयांच्या वादांत ह्याच ऑगस्टिननें राजसत्तेच्या जबरदस्तीचें समर्थन केलें. विनयाचा सिद्धांत उत्तम मांडूनही तो पुढच्या प्रसंगीं सुटूं शकतो, ह्याचें हें दुसरें उदाहरण होय. आणि म्हणूनच तो स्वभावावर न सोडतां पद्धतींत बांधला पाहिजे असा आमचा आग्रह आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सामान्य भाविकास ग्रंथ आधारासाठीं हवा असतो. त्याला पांच अक्षरें दाखवून काय होणार? ह्यास मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट हें उत्तर आहे. सिनाय व व्हॅटिकन ह्या दोन्ही प्राचीन प्रतींत तें सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीं संपतें: स्त्रिया रिकाम्या कबरेपासून पळाल्या व भीतीमुळें कोणाशीं बोलल्या नाहींत. पुढचीं बारा वचनें, ज्यांत पुनरुत्थित ख्रिस्ताचें दर्शन आहे, तेथें नाहींत. व्हॅटिकन प्रतीच्या पानावर तीन रकाने असतात. मार्क दुसऱ्या रकान्यांत संपतो, आणि लूक नेहमींप्रमाणें लगेच पुढच्या रकान्यांत सुरू न होतां तिसरा रकाना कोरा सोडून पुढच्या पानावर सुरू होतो. नकलकारास आणखी मजकूर ठाऊक होता पण त्याच्या प्रतींत नव्हता, असा ह्यावरून तर्क करितात. तो तर्क गॅमाच्या वर नेऊं नये. दुसरीं कारणेंही संभवतात. पण तो रकाना हरताळ न लावतां, मनचें न भरतां, कोरा राहिला हें प्रत्यक्ष आहे. त्या कोऱ्या जागेनें गेल्या सोळा शतकांत कोणाची श्रद्धा गेली नाहीं. श्रद्धा जाते ती जेथें जागा कोरी होती तेथें कोणीतरी मुकाट्यानें लिहिलें आहे हें मागाहून कळल्यावर.

बेंगेल म्हणे कीं एवढ्या पाठभेदांनीं धर्माच्या एकाही मुख्य तत्त्वास धक्का लागत नाहीं. पुष्कळ अंशीं तें खरें आहे. योहानाच्या पत्रांतील तो मजकूर गेला म्हणून त्रैक्याचा सिद्धांत कोणी सोडला नाहीं. परंतु हें अनुमान सर्व स्थळें तपासून झाल्यावर काढावयाचें आहे, तपासण्याच्या आधीं हमी म्हणून द्यावयाचें नाहीं. त्याचप्रमाणें पाठभेद अगणित म्हणून ग्रंथाचें कांहींच निश्चित नाहीं असें म्हणणारा कॉलिन्सचा अनुयायीही तितकाच उतावळा आहे. पहिला सर्वत्र आल्फा लावतो, दुसरा सर्वत्र एप्सिलॉन. दोघांसही प्रत्येक स्थळ निराळें तोलण्याचा कंटाळा असतो.

(६) उपसंहार

बेंगेलचीं अक्षरें पुढें नाहींशीं झालीं नाहींत. संयुक्त बायबल सोसायट्यांनीं इ. स. १९६६ त काढलेल्या ग्रीक नव्या करारांत ए, बी, सी, डी अशीं चार अक्षरें ह्याच हेतूनें आलीं. तिच्या १९९३ च्या चौथ्या आवृत्तींत मूळ पाठ मागच्याच आवृत्तीचा राहिला, पण पुष्कळ स्थळांचीं अक्षरें वर चढलीं, निश्चिति वाढली. ही वाढ पुराव्यानें कितपत समर्थनीय आहे असा प्रश्न केंट क्लार्क ह्यांनीं १९९७ त उपस्थित केला. म्हणजे विनयासाठीं निर्माण केलेलें चिन्हही संवयीनें आत्मविश्वासाचें चिन्ह होऊं शकतें. उलटपक्षीं, २०१२ सालच्या नेस्ले-आलांड आवृत्तीच्या अठ्ठाविसाव्या संस्करणांत, सामान्य पत्रांच्या भागांत, ज्या ठिकाणीं दोन पाठ सारख्याच तोलाचे ठरले तेथें एक लहान चौकोनी चिन्ह ठेविलें आहे. नांव निराळें, पण तो बेंगेलचा गॅमाच आहे.

आपल्या मंडळींत आज ज्या पोथ्या, बखरी व संतवाङ्मयाच्या संहिता संपादिल्या जातात, त्यांसाठीं ह्या इतिहासांतून तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पाठ निवडला म्हणजे तो किती खात्रीनें निवडला हें त्याच पानावर सांगावें. पाठाची खात्री व अर्थाची खात्री ह्यांचीं चिन्हें निराळीं ठेवावीं. पाठ पक्का ठरला म्हणून अर्थही पक्का झाला असें वाचकास भासूं देऊं नये. आणि कोणता नवा पुरावा सांपडल्यास आपला निर्णय मागें घेऊं, हें आधींच लिहून ठेवावें. ह्यांतली पहिली गोष्ट बेंगेलनें केली, दुसरी केली नाहीं, तिसरी त्यानें सन १८३६ विषयींच्या त्या एका वाक्यांत केली. पूज्य ग्रंथाचें संपादन हातीं घेणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा अशी विनंति आहे.